आळशी खबरदारी

मुक्तस्रोत प्रकल्पात कुणी 'सीआयचे जॉब जरा कमी करूया' म्हणालं की उत्तर ठरलेलं असतं. यंत्राचा वेळ स्वस्त, माणसाचा महाग. चालतंय ते चालू द्या. शिवाय एखादा जॉब वगळला आणि नेमका तिथूनच बग निसटला, तर जबाबदार कोण? उत्तर देणारा बहुधा प्रकल्पातला जुनाजाणता असतो. रिलीजच्या आदल्या रात्री मोडलेला बिल्ड त्याने निस्तरलेला असतो, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन असतं. सुचवणारा गप्प बसतो आणि पुढच्या महिन्यात पाइपलाइनमध्ये आणखी दोन जॉबांची भर पडते. माझं भांडण या जुन्याजाणत्याशी आहे. त्याची भीती खरी आहे हे मला मान्य. त्या भीतीवरचा त्याचा उतारा मात्र मान्य नाही, आणि ज्याला तो खबरदारी म्हणतो तो पुष्कळदा विचार करण्याचा कंटाळा असतो.

ज्यांचा या प्रकाराशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. कंटिन्युअस इंटिग्रेशन, म्हणजे सीआय. कुणी कोडमध्ये बदल सुचवला (गिटहबवर अशा सूचनेला पुल रिक्वेस्ट म्हणतात) की कुठल्यातरी सर्व्हरवर एक कोरं यंत्र उभं राहतं, कोड उतरवून घेतं, बिल्ड करतं, टेस्ट चालवतं आणि शेवटी हिरवी किंवा लाल खूण देतं. असं एक काम म्हणजे जॉब, आणि अशा जॉबांची मालिका म्हणजे पाइपलाइन. ही सोय नसेल तर आज कुठलाही बरा प्रकल्प उभा राहू शकत नाही.

आता एक साधा प्रसंग घेऊ. ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपच्या प्रोग्रॅमांत प्रत्येक भाषेच्या भाषांतराची एक पीओ फाइल असते, तशी मराठीचीही असते. कुणी तिच्यातली एक चुकलेली वेलांटी दुरुस्त करून बदल पाठवतो. सी भाषेत लिहिलेल्या एखाद्या मध्यम प्रकल्पात, पाइपलाइनवर कुणी विचार केलेला नसेल, तर या वेलांटीने काय काय जागं होतं पाहा: तीन लिनक्स वितरणांवर बिल्ड, दोन कंपायलर, विंडोज, मॅकओएस, मेमरीतल्या चुका शोधणारा सॅनिटायझरचा जॉब, डॉक्युमेंटेशन. यांपैकी एकालाही त्या वेलांटीत काही खोट सापडणं शक्य नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. भाषांतरात खरा धोका वेगळाच असतो. मूळ वाक्यात जिथे प्रोग्रॅम नाव किंवा आकडा घालणार असतो तिथे टक्के-चिन्हाची एक खूण असते. भाषांतर करताना ती बदलली किंवा एक जास्तीची घुसली, तर त्या भाषेत चालवलेला प्रोग्रॅम कोसळू शकतो. गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनसंचासोबत येणाऱ्या एमएसजीएफएमटी या साधनाला तपासणीचा पर्याय देऊन चालवलं की ही चूक काही सेकंदांत पकडली जाते. डझनभर जॉब आहेत आणि ही तपासणी त्यांतल्या एकातही नाही, असे प्रकल्प मी पाहिले आहेत. आपण सगळं तपासतो, असा त्यांचा समज होता.

पहिला मुद्दा फुकटपणाचा. 'मुक्तस्रोत प्रकल्पांना सीआय फुकट असतं, मग काटकसर कशाला?' हेच वाक्य एका पिढीने ट्रॅव्हिस सीआयबद्दल म्हटलं होतं. २०११ साली बर्लिनमध्ये सुरू झालेली ही सेवा मुक्तस्रोत प्रकल्पांना मोफत होती, आणि गिटहबवरच्या असंख्य प्रकल्पांच्या पहिल्या पानावर तिचं हिरवं लेबल दिसायचं. जानेवारी २०१९मध्ये आयडेराने ती कंपनी विकत घेतली. नोव्हेंबर २०२०मध्ये दरपत्रक बदललं, अमर्याद फुकट वापर संपला, आणि जून २०२१मध्ये मुक्तस्रोत प्रकल्पांसाठीचं तिचं जुनं संकेतस्थळच बंद झालं. त्याच सुमाराला फुकटच्या रनरवर, म्हणजे जॉब चालवणाऱ्या यंत्रांवर, क्रिप्टोचलनाचं खोदकाम करणाऱ्यांनी असा धुमाकूळ घातला की २०२१च्या मे महिन्यात गिटलॅबने मोफत मिनिटांसाठी नव्या खात्यांकडे क्रेडिट कार्ड मागायला सुरुवात केली. कंटेनर इमेजांचं कोठार असलेल्या डॉकर हबने २०२०च्या नोव्हेंबरपासून अनोळखी डाउनलोडवर दर सहा तासांना १०० अशी मर्यादा घातली, आणि कितीतरी पाइपलाइनी लाल झाल्या. सिरस सीआयने २०२३मध्ये हात आखडता घेतला. आज हेच वाक्य गिटहबच्या स्वतःच्या सीआयबद्दल, गिटहब ॲक्शन्सबद्दल, म्हटलं जातं, आणि म्हणणारे तेच आहेत.

फुकट म्हणजे दुसरा कुणीतरी भरतो एवढंच. तो दुसरा कोण, हे फ्रीडेस्कटॉप डॉट ऑर्गच्या गोष्टीत स्वच्छ दिसतं. लिनक्सचा ग्राफिक्सचा बराचसा डोलारा, मेसा, वेलँड वगैरे, या संस्थेच्या गिटलॅबवर राहतो. फेब्रुवारी २०२०मध्ये तिचा खर्च उचलणाऱ्या एक्स डॉट ऑर्ग फाउंडेशनच्या मंडळाने जाहीर केलं की त्या वर्षाचं होस्टिंगचं बिल ७५ हजार डॉलरच्या घरात जाईल, आणि प्रायोजक मिळाले नाहीत तर मे-जूनच्या सुमारास सीआय बंद करावं लागेल. त्या बिलाची फोड बघण्यासारखी होती. मोठा भाग गणनेचा नव्हता, डेटा वाहून नेण्याचा होता. सीआयचे रनर वेगवेगळ्या कंपन्यांनी आपापल्या जागी ठेवलेले, आणि प्रत्येक जॉब सुरू होताना भल्यामोठ्या कंटेनर इमेज आणि आधीच्या जॉबचं उत्पादन गुगलच्या क्लाउडमधून बाहेर ओढलं जायचं. 'प्रोसेसर रिकामाच बसलाय' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की जॉब पहिली टेस्ट चालवण्याआधीच खर्च करून बसलेला असतो. पुढे देणगीतल्या यंत्रांवर गाडा चालला. २०२५च्या सुरुवातीला कळलं की इक्विनिक्सची ती यंत्रं एप्रिलअखेर जाणार, आणि सगळं बिऱ्हाड हेट्झनरकडे हलवावं लागलं.

निदान तिथे बिल घरातच आलं. जून २०२३मध्ये ते शेजाऱ्याच्या दारात गेलं. जीएमपी ही मोठ्या संख्यांची गणितं करणारी जुनी, प्रतिष्ठित लायब्ररी. जीसीसी कंपायलरसुद्धा तिच्यावर अवलंबून आहे. तिचा सर्व्हर छोटा, सांभाळणारी माणसं मोजकी. एके दिवशी मायक्रोसॉफ्टच्या मालकीच्या शेकडो पत्त्यांवरून त्या सर्व्हरवर इतकी गर्दी झाली की सांभाळणाऱ्यांना तो हल्लाच वाटला आणि त्यांनी ते पत्ते अडवले. शोध घेतल्यावर कळलं की हल्ला कुणी केलेलाच नव्हता. एफएफएमपेगचे बिल्ड तयार करणाऱ्या एका प्रकल्पात कुणी एका स्क्रिप्टमध्ये बदल केला होता, ती स्क्रिप्ट जीएमपीच्या सर्व्हरवरून थेट कोड ओढायची, आणि तो बिल्ड शंभरेक प्रकारच्या यंत्रांसाठी एकाच वेळी समांतर चालायला लावलेला होता. मायक्रोसॉफ्टच्याच गिटहबच्या रनरांना काहीच वाटलं नाही. त्यांच्यासाठी ते किरकोळ काम. कोणाच्याही मनात वाईट हेतू नव्हता. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ते काम फुकट होतं, म्हणून ते किती वेळा होतंय हे मोजायचं कारणच त्याला पडलं नाही. मला या सगळ्या वादात हे उदाहरण सर्वांत बोलकं वाटतं, कारण यात पैशाचा प्रश्नच नाही. एका स्वयंसेवकाच्या फुकट साधनाने दुसऱ्या स्वयंसेवकाचा दिवस खाल्ला.

तरीही पैशावर हा वाद मी जिंकू पाहत नाही. उद्या कुणी दाता उभा राहिला आणि म्हणाला की हवे तेवढे रनर घ्या, तरी माझा आक्षेप उरतोच. कारण जुन्याजाणत्याच्या वाक्याचा दुसरा भाग, 'माणसाचा वेळ महाग', हा त्याच्याच विरुद्ध जातो.

यंत्राचा वेळ आणि माणसाचा वेळ ही दोन वेगळी खाती असती तर त्याचं म्हणणं चाललं असतं. ती वेगळी नाहीत. मध्ये रांग असते. गिटहबच्या मोफत योजनेत एका खात्याला एका वेळी २० जॉब चालवता येतात, त्यांत मॅकओएसचे फक्त ५. तीस जॉबांची पाइपलाइन असेल तर पहिल्याच पुल रिक्वेस्टने सगळ्या जागा अडवल्या. मोठ्या संस्थांना सवलत जास्त मिळते, पण त्यांची भूकही मोठी. अपाचे फाउंडेशनच्या सगळ्या प्रकल्पांना मिळून २०२०च्या अखेरीस एका वेळी १८० जॉबांची मुभा होती. त्या सुमारास कितीतरी अपाचे प्रकल्प गिटहब ॲक्शन्सकडे वळले आणि एअरफ्लोसारख्या गजबजलेल्या प्रकल्पात बदल पाठवून तासन्‌तास नुसतं रांगेत बसावं लागू लागलं. दहा मिनिटांची टेस्ट, पण तिची पाळी संध्याकाळी. तोवर बदल पाठवणाऱ्याचं डोकं दुसऱ्या कामात गेलेलं, रिव्ह्यू करणारा झोपलेला. अशा वेळी यंत्राचा वेळ स्वस्त असतो म्हणजे नेमकं काय?

एअरफ्लोच्या मंडळींनी यावर जे केलं ते शिकण्यासारखं आहे. आधी त्यांनी शिळे, म्हणजे नव्या बदलामुळे निरर्थक झालेले, रन रद्द करणारं स्वतःचं साधन लिहिलं. गिटहबने तशी सोय स्वतः दिली ती नंतर, २०२१मध्ये. मग 'सिलेक्टिव्ह चेक्स' नावाची यंत्रणा उभी केली. बदललेल्या फाइलींकडे पाहून ती ठरवते की कोणत्या टेस्ट, कोणते प्रोव्हायडर, कोणते डेटाबेस तपासायचे. बिल्डची किंवा चाचणीच्या वातावरणाची मूळ फाइल बदलली असेल तर ती सगळं चालवते. माणसाला शंका आली तर तो पुल रिक्वेस्टला एक लेबल लावून पूर्ण चाचणी मागू शकतो. फाउंडेशननेही पुढे नियम केला: एका प्रकल्पाने एका वर्कफ्लोत (म्हणजे गिटहबवरच्या पाइपलाइनमध्ये) एका वेळी २० हून जास्त जॉब चालवू नयेत, आणि आठवड्याची सरासरी अडीच लाख मिनिटांवर जाऊ नये. आठवड्यात १०,०८० मिनिटं असतात, म्हणजे ही मर्यादा पंचवीस यंत्रं अहोरात्र चालवण्याइतकी सैल आहे. एवढी सैल मर्यादासुद्धा लिहून ठेवावी लागली, यावरून आधी काय चाललं असेल त्याची कल्पना करावी.

रांगेपेक्षाही मोठी किंमत खोट्या लाल खुणांची. प्रत्येक जॉबमध्ये काही ना काही अस्थिर असतं: नेटवर्क तुटतं, पॅकेजचा मिरर-सर्व्हर झोपलेला असतो, एखादी टेस्ट घड्याळावर विसंबून असते. समजा प्रत्येक जॉब कोडचा काहीही दोष नसताना शंभरात एकदा पडतो. हे प्रमाण अगदी उदार धरलंय. दहा जॉब असतील तर पाइपलाइन विनाकारण लाल होण्याची शक्यता सुमारे १० टक्के. तीस जॉबांना ती २६ टक्क्यांवर जाते. शंभर जॉबांना ६३. म्हणजे शंभर जॉबांच्या पाइपलाइनमध्ये निर्दोष बदलसुद्धा बहुतेक वेळा लाल दिसणार. मग काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. लोक लॉग उघडत नाहीत, थेट 'पुन्हा चालवा'चं बटण दाबतात. नवखा योगदानकर्ता घाबरतो, त्याला कुणीतरी समजावतं, 'ते लाल आहे ना, ते नेहमीच असतं, दुर्लक्ष कर.' प्रकल्पाने त्याला दिलेला पहिला धडा हा. सुरक्षिततेसाठी म्हणून वाढवलेल्या जॉबांनी लाल रंगाची भीतीच घालवली, आणि ज्या दिवशी खरा बग लाल होऊन येतो त्या दिवशी त्याच्यावरही तेच बटण दाबलं जातं.

आता जुन्याजाणत्याचा सर्वांत भक्कम मुद्दा: वगळलेला जॉब म्हणजे निसटलेला बग. याला हसण्यावारी नेणारे लोक मला पटत नाहीत. फाइलींच्या नावांवरून 'हा जॉब नको' ठरवणारे नियम खरोखरच सडतात. कुणी एक फोल्डर हलवतो, नियम तसाच राहतो. एका कोपऱ्यातली हेडर फाइल दुसऱ्या कोपऱ्यातल्या चार मॉड्यूलांत ओढलेली असते, हे नियम लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. डॉक्युमेंटेशनच्या फोल्डरमधल्या उदाहरणांवर टेस्ट बेतलेल्या असतात, आणि 'डॉक्युमेंटेशन बदललं तर टेस्ट नको' या निरागस नियमाने त्या कायमच्या झोपी जातात. गिटहबवर तर एक खास सापळा आहे. संपूर्ण वर्कफ्लो फाइलींच्या गाळणीमुळे सुरूच झाला नाही, तर मर्जसाठी, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घेण्यासाठी, सक्तीची केलेली त्याची तपासणी 'प्रलंबित' अवस्थेत लटकते आणि बदल अडून राहतो. पण वर्कफ्लोच्या आतला जॉब अटीमुळे वगळला गेला, तर तो यशस्वी धरला जातो. त्यातून पुढची गंमत अशी, की ज्या जॉबवर तो विसंबून होता तो पडला म्हणून हा वगळला गेला असेल, तरी सक्तीच्या यादीत एकटा हाच असेल तर दार उघडं! म्हणून सीपायथनसारखे प्रकल्प शेवटी एक राखणदार जॉब ठेवतात. कोणते जॉब वगळायला परवानगी होती आणि कोणते प्रत्यक्षात वगळले गेले, हे तो ताडून पाहतो आणि सक्तीची तपासणी त्याच्यावर लावलेली असते.

तेव्हा वगळण्यात जोखीम आहे, हे खरं. पण म्हणून सगळंच चालवत राहावं, यावर माझे तीन आक्षेप.

एक तर अनावश्यक जॉबांचा मोठा हिस्सा असा आहे की तो काढण्यात कसलीच जोखीम नाही, आणि जुनाजाणता त्यालाही त्याच भीतीच्या पदराखाली लपवतो. एकाच कमिटवर ब्रँचसाठी एक आणि पुल रिक्वेस्टसाठी एक अशी पाइपलाइन दोनदा चालते. का, तर पाइपलाइनची मांडणी लिहिलेल्या यॅमल फाइलमध्ये दोन्ही ट्रिगर कुणीतरी नमुन्यातून उतरवून घेतले होते. योगदानकर्त्याने पाच मिनिटांत तीन दुरुस्त्या ढकलल्या, तर पहिल्या दोन कुणालाच नको असतात, तरी त्यांचे जॉब शेवटपर्यंत चालतात. या शिळ्या रनांना रद्द करायला गिटहबवर यॅमलच्या तीन-चार ओळी पुरतात, गिटलॅबवर जॉबला 'मध्येच थांबवता येईल' अशी खूण करायची. फक्त हे मुख्य ब्रँचवर करू नये. तिथे प्रत्येक कमिटचा निकाल हवा असतो, नाहीतर कोणत्या बदलाने मोडलं हे शोधताना हाल होतात. तसंच क्रमाचं. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रकल्पाच्या सीआयमध्ये 'सॅनिटी चेक' नावाचं एक छोटं काम आधी चालतं, आणि बाकी सगळी कामं त्याच्यावर विसंबून ठेवली आहेत. कोड साधा कंपाइलच होत नसेल तर विंडोज आणि मॅकची यंत्रं उठवायची नाहीत, इतकं साधं. यात एकही टेस्ट कमी झालेली नाही. ज्याला एकाच प्लॅटफॉर्मवर प्रयोग करायचाय त्याने कमिटच्या संदेशात तसं लिहायचं, की तेवढंच चालतं.

दुसरा आक्षेप असा, की प्रश्न 'चालवायचं की नाही' एवढाच नसतो, 'केव्हा' हाही असतो, आणि तो विचारलाच जात नाही. रस्ट भाषेच्या मुख्य रिपॉझिटरीत पुल रिक्वेस्टवर निवडक जॉबच चालतात. सगळ्या प्लॅटफॉर्मांची पूर्ण फेरी, जिला तासांच्या हिशेबात वेळ लागतो, ती बॉर्स नावाचा बॉट मर्ज करण्याच्या वेळी चालवतो, आणि ती हिरवी झाली तरच बदल मुख्य ब्रँचमध्ये जातो. कमी जोखमीचे बदल एकत्र बांधून त्यांची एकच फेरी केली जाते. मेसात तर योगदानकर्त्याने आपल्या फोर्कमध्ये कोड ढकलला म्हणून लगेच सगळी हार्डवेअर-चाचणी सुरू होत नाही. ती मागावी लागते, आणि मर्जच्या वेळी मार्ज नावाचा बॉट ती घडवून आणतो. एका ग्राफिक्स ड्रायव्हरच्या फोल्डरमधला बदल दुसऱ्या कंपनीच्या कार्डांवर चालवत नाहीत. ती कार्डं खरी असतात, प्रयोगशाळेतल्या मांडणीवर लावलेली, मोजकी. तिथे 'सगळं सगळ्यावर' म्हणायची चैन परवडतच नाही, म्हणून विचार करावा लागला.

आणि इथे जुन्याजाणत्याला अडचणीत आणणारी गोष्ट आहे. दोन बदल वेगवेगळे हिरवे असतात आणि एकत्र आल्यावर मोडतात: एकाने फंक्शनचं नाव बदललं, दुसऱ्याने जुन्या नावाने नवी हाक मारली. प्रत्येक ढकलीवर शंभर जॉब चालवा, हा बग त्यांना दिसणार नाही, कारण दोघांनीही एकमेकांना पाहिलेलंच नाही. तो दिसतो मर्जच्या क्षणी, मुख्य ब्रँचच्या ताज्या अवस्थेवर चाचणी केली तरच. म्हणजे पुल रिक्वेस्टवरचे निम्मे जॉब काढून तेवढीच ताकद मर्जच्या फेरीत घातली, तर प्रकल्प स्वस्त तर होतोच, पण अधिक सुरक्षितही होतो. खबरदारीच्या नावाने जो अडवतोय, त्याची खबरदारी चुकीच्या दारावर उभी आहे. दुर्मीळ यंत्रांसाठी आणखी एक पायरी आहेच: पोस्टग्रेसचा बिल्डफार्म. स्वयंसेवकांची जगभरची यंत्रं, प्रत्येकाला एका प्राण्याचं नाव, कमिट झाल्यावर आपापल्या वेगाने कोड उचलतात आणि निकाल कळवतात. कुणाचा बदल त्यांच्यासाठी अडून राहत नाही.

तिसरा आक्षेप टोचणारा आहे. जॉब जास्त म्हणजे सुरक्षितता जास्त, हे समीकरणच मला मान्य नाही. मार्च २०२४मध्ये एक्सझेड या लायब्ररीत पेरलेलं चोरदार उघडकीला आलं. त्या लायब्ररीचे टारबॉल वितरणांच्या बिल्ड-यंत्रणांतून गेले होते, टेस्ट पार पडल्या होत्या. ते सापडलं ते पोस्टग्रेसचे डेव्हलपर आंद्रेस फ्रॉइंड यांना, एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून. त्यांच्याकडे स्वयंचलित चाचण्यांमध्ये व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाच्या काही चमत्कारिक तक्रारी आधी आलेल्या होत्या, हे खरं आहे. म्हणजे यंत्रणा अगदीच मुकी नव्हती. पण तिचं बोलणं कुणीतरी ऐकून घेतलं, तेव्हा अर्थ लागला. ऐकून घेण्याची क्षमता माणसाकडे मर्यादित असते, आणि प्रत्येक निरर्थक जॉब त्यातलाच वाटा खातो.

आणखी एक प्रतिवाद असतो: गाळणीचे नियम लिहिण्यात आणि सांभाळण्यात जो वेळ जाईल त्यापेक्षा वाचणारा कमीच असेल. काही ठिकाणी हे शंभर टक्के बरोबर आहे. तीन मिनिटांत संपणारी पाइपलाइन असलेल्या, आठवड्याला चार बदल येणाऱ्या प्रकल्पाने या भानगडीत पडू नये. दोनदा चालणारं एकदा करावं आणि गप्प बसावं. एअरफ्लोची निवड-यंत्रणा हा स्वतःच एक पायथनचा प्रोग्रॅम आहे, त्याला स्वतःच्या टेस्ट आहेत, आणि असा प्रोग्रॅम सांभाळायला माणसं लागतात. पण या प्रतिवादात एक लबाडी दडलेली असते. गाळणीचे नियम सांभाळायला वेळ लागतो म्हणणारा, जॉब सांभाळायला वेळ लागत नाही असं धरून चालतो. रनरची इमेज निवृत्त होते, कंपायलरची आवृत्ती बदलते, कॅश बिघडते, एखादी ॲक्शन जुनी होते. प्रत्येक जॉब ही एक जबाबदारी आहे आणि ती कोणाच्या नावावर आहे, हे बहुतेक यॅमल फाइलींत लिहिलेलं नसतं. पंधरा महिन्यांपूर्वी प्रकल्प सोडून गेलेल्या माणसाने जोडलेला जॉब तुटला की तो दुरुस्त करायला जो बसतो, त्याचा वेळ या हिशेबात कुठे आहे?

मला कुणी जॉबांचा शत्रू समजू नये म्हणून कर्ल या डेटाची ने-आण करणाऱ्या साधनाचं नाव घेतो. डॅनियल स्टेनबर्ग यांच्या या प्रकल्पात प्रत्येक पुल रिक्वेस्टवर शंभराहून अधिक सीआय जॉब चालतात, आणि मला त्यावर काही म्हणायचं नाही. कर्ल असंख्य ऑपरेटिंग सिस्टिमांवर, निरनिराळ्या टीएलएस लायब्ररींसोबत, कितीतरी पर्याय चालू-बंद करून बांधलं जातं. कोडमध्ये ठिकठिकाणी त्या पर्यायांच्या अटी आहेत, त्यामुळे एका ओळीचा बदल एका जोडणीत चालतो आणि दुसरीत कंपाइलही होत नाही. त्यांचा प्रत्येक जॉब कोडमधल्या खऱ्या फाट्यावर उभा आहे. हे पाहून एखादा शुद्ध पायथनमधला, प्लॅटफॉर्मशी काही देणंघेणं नसलेला प्रकल्प पाच पायथन आवृत्त्या गुणिले तीन ऑपरेटिंग सिस्टिम असा पंधरांचा तक्ता मांडतो. असा तक्ता, म्हणजे मॅट्रिक्स, लिहिणं इतकं सोपं आहे की गुणाकार करताना कुणी थांबत नाही. गिटहब एका मॅट्रिक्समध्ये २५६ जॉबांपर्यंत जाऊ देतं. अशा प्रकल्पाला लिनक्सवर सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी आवृत्ती, आणि बाकीच्या दोन सिस्टिमांवर एकेक, एवढं पुल रिक्वेस्टला पुरतं. मधल्या आवृत्त्यांवरच मोडेल आणि दोन्ही टोकांना चालेल असा बग क्वचित असतो, आणि तो रात्रीच्या फेरीत सापडला तरी आभाळ कोसळत नाही.

सगळ्यांत नवलाचा असतो तो जॉब ज्याला पडण्याची परवानगी आहे. गिटलॅबवर आणि गिटहबवर दोन्हीकडे अशी सोय आहे की जॉब लाल झाला तरी पाइपलाइन हिरवीच राहावी. पायथनच्या येऊ घातलेल्या आवृत्तीवर आपला कोड कसा वागतो हे पाहायला ती उपयोगी पडते, आठवड्यातून एकदा. पण मी पाहतो तिथे असे जॉब प्रत्येक बदलावर चालत असतात. त्यांच्या निकालाने मर्ज अडत नाही, त्यांचा लॉग कुणी उघडत नाही, कुणाच्या इनबॉक्समध्ये त्यांची नोंद जात नाही, आणि रांगेत मात्र ते बाकीच्यांच्या पुढे उभे असतात. अशा जॉबचा निकाल शेवटचा कुणी आणि केव्हा वाचला, हे मी निरनिराळ्या प्रकल्पांतल्या जुन्याजाणत्यांना विचारत आलो आहे. 'असू दे ना, कुठे काय खातोय' याखेरीज उत्तर मिळालेलं नाही.